बँकॉकचं जुनं शहर पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडून थायलंडला जाणाऱ्या बहुतेक सहलींत बँकॉकच्या वाट्याला दीड दिवस येतो. त्यातला अर्धा मॉलमध्ये जातो आणि उरलेला बसमध्ये. मग घरी आल्यावर माणसं सांगतात, "बँकॉकमध्ये खरेदीशिवाय काही नाही." हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. नदीकाठच्या त्या जुन्या शहरात मराठी माणसाला जेवढं ओळखीचं सापडतं, तेवढं आशियातल्या फार थोड्या राजधान्यांत सापडेल. जाण्याआधी नातेवाईक, शेजारी आणि मित्रमंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

जुनं शहर म्हणजे नेमकं कुठलं?

चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावरचा, नदी आणि कालव्यांनी वेढलेला भाग. त्याला रत्तनकोसिन म्हणतात. १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुथया ही जुनी राजधानी जाळली. त्यानंतर राजा ताकसिनने नदीच्या पश्चिमेला थोनबुरी इथे बस्तान बसवलं. १७८२ मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर आला आणि त्याने राजधानी पूर्व काठावर नेली. शहराचा स्तंभ रोवला गेला तो २१ एप्रिल १७८२ रोजी. राजवाड्याच्या जवळच त्या स्तंभाचं देऊळ आहे आणि आजही तिथे फुलं वाहायला माणसं येतात.

या घराण्याच्या राजांना 'राम पहिला', 'राम दुसरा' अशा क्रमाने ओळखतात. सध्या राम दहावे गादीवर आहेत. खाली राजांचे उल्लेख याच पद्धतीने केले आहेत.

शहराचं खरं नाव बँकॉक नाही, हे खरं का?

खरं आहे. थाई माणूस आपल्या राजधानीला 'क्रुंग थेप' म्हणतो. थेप म्हणजे देव, तेव्हा क्रुंग थेप म्हणजे देवांची नगरी. पण हे झालं लाडकं नाव. पूर्ण नाव बोलायला एक श्वास पुरत नाही: क्रुंग थेप महानखोन अमोन रत्तनकोसिन महिन्थरायुथया महादिलोक फोप नोप्फरत रात्चथानी बुरीरोम उदोमरात्चनिवेत महासथान अमोन फिमान अवतान सथित सक्कथत्तिय वित्सनुकम प्रसित.

एकदा सावकाश वाचून बघा. महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, पुरी, रम्य, उत्तम, राजनिवेश, महास्थान, विमान, अवतार, स्थित, शक्रदत्त, विश्वकर्मा. इंद्राने दिलेली आणि विश्वकर्म्याने घडवलेली नगरी, असा शेवटाचा अर्थ. ही सगळी संस्कृत-पाली शब्दसंपत्ती थाई उच्चारात मऊ झाली आहे, एवढंच. 'र' शब्दाच्या शेवटी आला की 'न' ऐकू येतो, 'व' चा पुष्कळदा 'फ' होतो, 'द' चा 'थ' होतो. ही गोष्ट एकदा कानात बसली की शहरातल्या पाट्या बोलायला लागतात. मी तर म्हणेन, बँकॉक पाहायची हीच किल्ली आहे.

एकच दिवस हातात असेल तर काय पाहू?

राजवाडा आणि त्यातलं पाचूच्या बुद्धाचं मंदिर, मग चालत वत फो, मग होडीने पलीकडे वत अरुण. ('वत' म्हणजे बौद्ध मंदिर आणि भिक्खूंचं निवासस्थान मिळून झालेलं आवार.) सकाळी साडेआठला राजवाडा उघडतो, तेव्हा दारात असायला हवं. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. संध्याकाळी वत अरुणहून परत अलीकडे येऊन काठावर बसा आणि सूर्य त्या शिखरांमागे मावळताना पाहा.

दोन दिवस असतील तर चांगलं. माझ्या मते तीन दिवस ही योग्य मुदत.

राजवाड्यात आत नेमकं काय आहे? ५०० बाथ तिकीट जास्त नाही का?

परदेशी पाहुण्यांसाठी तिकीट ५०० बाथ (थायलंडचं चलन) आहे. (दर बदलत असतात, निघण्याआधी एकदा तपासा.) हे पैसे वसूल व्हायचे असतील तर एक काम करा: आत शिरल्यावर सोनेरी स्तूपापुढे फोटो काढण्यात पहिला तास घालवू नका. थेट मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांकडे जा.

त्या ओवऱ्यांच्या भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामायण रंगवलेलं आहे. थायलंडमध्ये त्याला 'रामकियेन' म्हणतात, म्हणजे रामकीर्ती. प्रसंग प्रदक्षिणेच्या दिशेने पुढे सरकतात. पहिल्या चौकटीपासून चालायला लागलात तर पायाखाली प्रदक्षिणा पुरी होते आणि डोळ्यांपुढून कथा.

आपल्या कथेहून ही वेगळी कुठे होते, ते शोधण्यात फार आनंद आहे. दशानन रावण इथे 'थोत्सकान' आहे, म्हणजे दशकंठ. सीता ही त्याचीच मुलगी. जन्मताच ती कुळाचा नाश करील असं भाकीत होतं, म्हणून तिला नदीत सोडलं जातं आणि मग ती जनकाला सापडते. राम हिरव्या अंगाचा रंगवतात, हनुमान पांढराशुभ्र. हा हनुमान जांभई देतो तेव्हा त्याच्या तोंडातून चंद्र-तारे बाहेर पडतात.

आणि तो ब्रह्मचारी नाही. ही गोष्ट पचायला आपल्या घरातल्या आजी-आजोबांना जरा वेळ लागतो. सेतू बांधताना दगड समुद्रात नाहीसे होऊ लागतात. ते पळवणारी असते रावणाची मुलगी, मत्स्यकन्या सुफन्नमच्छा, म्हणजे सुवर्णमत्स्या. हनुमान तिला पकडायला जातो आणि तिच्या प्रेमात पडतो. त्यांचा मुलगा मच्छानु. पुढे मैयराप नावाचा राक्षस रामाला पाताळात पळवतो, तेव्हा हनुमानाची गाठ पाताळाच्या वाटेवर पहारा देणाऱ्या याच मुलाशी पडते. आता आपल्या अहिरावण-महिरावणाच्या कथेतला मकरध्वज आठवा. समुद्रापलीकडच्या भिंतीवर लहानपणी ऐकलेली गोष्ट वेगळ्या कपड्यांत उभी राहते. माझा तिथे अख्खा एक तास गेला होता आणि तरी निम्म्याच भिंती झाल्या होत्या.

बाकी आवारात चक्री महाप्रासाद आवर्जून पाहा. १८८२ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत खालून युरोपीय महाल आणि वरून थाई शिखरं अशी आहे. राम पाचवे यांच्या काळात सयाम (थायलंडचं तेव्हाचं नाव) इंग्रज आणि फ्रेंच यांच्या कचाट्यात होता. तेव्हा स्वतंत्र राहायचं तर कुणासारखं दिसायचं आणि काय सोडायचं नाही, हा प्रश्न त्या छपराकडे बघून समजतो. चौथ्या रामाने करवून घेतलेली, कंबोडियातल्या अंकोर वाट मंदिराची प्रतिकृतीही याच आवारात आहे.

पाचूचा बुद्ध खरंच पाचूचा आहे का?

नाही. मूर्ती हिरव्या दगडाची आहे, जेड जातीच्या. उंची ६६ सेंटीमीटर. इतक्या उंच सिंहासनावर आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला "एवढीच?" असं वाटतं. पण तिच्या मागचा प्रवास पाहा. बखरी सांगतात की १४३४ मध्ये उत्तरेतल्या चियांग राय इथे ती प्रकाशात आली. नंतर दोनशेहून अधिक वर्षं ती लाओसमध्ये व्हिएंटियानला होती. पुढे राम पहिला झालेल्या सेनापतीने ती तिथून आणली. लाओसच्या लोकांना ही गोष्ट अजून बोचते, आणि ते समजण्यासारखं आहे.

उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे मूर्तीचे तीन पोशाख आहेत आणि ते ऋतू बदलताना स्वतः राजा बदलतो. विठोबाच्या अंगावर ऋतूप्रमाणे चंदनउटी किंवा उबदार वस्त्रं चढलेली पाहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गाभाऱ्यात फोटो काढायला मनाई आहे. खाली बसताना पाय मागे दुमडून बसा. तळवे मूर्तीकडे करणं तिथे अपमान समजतात.

कपड्यांचे नियम कडक आहेत का?

राजवाड्यात फार कडक. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री असो वा पुरुष. फाटक्या जीन्स, तंग लेगिंग्ज आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. साधा पंजाबी ड्रेस किंवा सुती पॅंट-शर्ट उत्तम. वर शाल गुंडाळून काम भागेल असं समजू नका. चपला सहज निघतील अशा घाला, दिवसभरात दहा वेळा काढाव्या लागतात.

"आज राजवाडा बंद आहे" असं कुणी सांगितलं तर?

विश्वास ठेवू नका. नीटनेटक्या कपड्यातला, गोड बोलणारा माणूस गेटाच्या अलीकडेच गाठतो. आज पूजा आहे, दुपारी उघडेल, तोवर वीस बाथमध्ये टुकटुकने (तिथल्या रिक्षाने) दुसरी देवळं दाखवतो म्हणतो. ती टुकटुक शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानापाशी थांबते. आमच्या गटातल्या एका काकांचा अर्धा दिवस असा गेला आणि राजवाडा राहिला तो राहिलाच. राजसमारंभामुळे काही भाग कधी खरोखर बंद असतो, पण ते तिकीट खिडकीवर जाऊनच विचारायचं.

वत फोमध्ये झोपलेला बुद्ध सोडून काय आहे?

पहिल्यांदा झोपलेला बुद्ध. ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, आणि खोली इतकी अरुंद की तो एका नजरेत मावत नाही. ही महापरिनिर्वाणाची मुद्रा. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातला निर्वाणाचा बुद्ध पाहिला असेल तर इथे उभं राहिल्यावर तो आठवल्याशिवाय राहणार नाही. तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ मंगलचिन्हं आहेत. भिंतीलगत १०८ वाडगी मांडलेली असतात आणि लोक एकेका वाडग्यात नाणं टाकत जातात. त्या नाण्यांचा आवाज सबंध दालनात घुमतो.

पण बहुतेक लोक तेवढं पाहून बाहेर पडतात, आणि खरा खजिना बाहेरच्या मंडपांत राहतो. राम तिसरे यांनी इथे वैद्यक, मालिश, काव्य, इतिहास असं त्या काळचं ज्ञान दगडी पाट्यांवर कोरून लावलं, कुणीही यावं आणि वाचावं म्हणून. या शिलालेखांची युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद आहे. आवारात योगासनासारख्या मुद्रांमधल्या ऋषींच्या लहान मूर्ती दिसतील. थाई भाषेत त्यांना 'रुएसी' म्हणतात, म्हणजे आपला ऋषीच. थाई मालिशचं पारंपरिक शिक्षण इथेच चालतं. पाय दुखत असतील तर बाहेरच्या कुठल्याही दुकानापेक्षा इथली मालिश घ्या.

वत फोचं औपचारिक नाव 'फ्रा चेतुफोन'. चेतुफोन म्हणजे जेतवन, श्रावस्तीचं.

वत अरुण म्हणजे अरुणाचंच मंदिर का?

हो, सूर्याचा सारथी अरुण. पहाटेचं मंदिर. मधलं उंच शिखर दुसऱ्या रामाच्या काळात वाढवायला घेतलं आणि तिसऱ्याच्या काळात पुरं झालं. दुरून ते दगडी वाटतं. जवळ गेलात की कळतं, सगळीकडे चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवून फुलं केली आहेत. बशीचा गोल, वाटीची कड असं ओळखू येतं. वत फोच्या जवळच्या था तियेन धक्क्यावरून पलीकडे जाणारी होडी अवघे काही बाथ घेते. पायऱ्या उभ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच पाहावं, खालूनही काही कमी दिसत नाही.

बँकॉकमध्ये गणपती आहे का?

आहे, आणि बऱ्याच ठिकाणी आहे. थाई लोक त्याला 'फ्रा फिकनेत' म्हणतात, म्हणजे विघ्नेश. कलांचा देव म्हणून त्याला इथे मान आहे. पुरातत्त्व आणि कला सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या बोधचिन्हावरही तोच आहे.

जुन्या शहरात 'देवसथान' नावाचं ब्राह्मण मंदिर आहे. १७८४ मधलं. शिव, गणेश आणि विष्णू अशी तीन लहान, साधी, पांढरी देवळं. इथले ब्राह्मण राजघराण्याचे विधी करतात. राज्याभिषेकातही त्यांचा मान असतो. बौद्ध देशाच्या राजाला अजून ब्राह्मण लागतो, ही गोष्ट पाहिल्याशिवाय पटत नाही.

मंदिरासमोरच चौकात लाल रंगाचे दोन प्रचंड सागवानी खांब आहेत: साओ छिंग छा, म्हणजे मोठा झोपाळा. उंची २१ मीटरच्या वर. शंकर वर्षातून एकदा पृथ्वीवर उतरतो, त्याच्या स्वागताच्या उत्सवात माणसं या झोपाळ्यावर उभी राहून झोके घेत आणि उंच बांबूला टांगलेली पैशांची थैली दातांनी पकडत. अपघात होत. १९३५ नंतर झोके बंद झाले, खांब राहिले. आताचे खांब २००७ मध्ये नव्या सागवानाचे उभे केले आहेत. शेजारचं वत सुथात (सुदर्शन, इंद्राची नगरी) शांत आहे, गर्दी नाही. सुखोथाईहून आणलेली तिथली बुद्धमूर्ती मला शहरातली सर्वात सुंदर वाटते.

नव्या शहरातलं एरावन मंदिर हे चतुर्मुख ब्रह्मदेवाचं. १९५६ मध्ये तिथे हॉटेल बांधताना अपघात होत होते, म्हणून ते स्थापलं. नवस फेडायला लोक तिथे नर्तकी नाचवतात. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिथे भर चौकात मेट्रोखाली त्याच्यापुढे रांग.

सोनेरी टेकडी चढायला अवघड आहे का? आई-बाबांना जमेल?

वत साकेतची टेकडी माणसाने रचलेली आहे. पायऱ्या तीनशेच्या वर असल्या तरी ठेंगण्या आणि गोल फिरत जाणाऱ्या आहेत, वाटेत झाडं, घंटा आणि बसायला जागा आहे. पर्वती चढणाऱ्याला काहीच नाही. नाव ऐकून साकेत म्हणजे अयोध्या असं वाटतं, पण इथला 'केत' म्हणजे केश. केस धुण्याशी या नावाचा संबंध आहे.

वर स्तूपात बुद्धाच्या अस्थी आहेत. उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेजवळ पिप्रहवा इथे १८९८ मध्ये उत्खननात अस्थी सापडल्या. त्यांतला भाग इंग्रज सरकारने सयामच्या राजाला दिला आणि तो इथे आला. हे ठाऊक असलं की वर पोहोचल्यावर हात आपोआप जोडले जातात.

राष्ट्रीय संग्रहालयाला वेळ द्यावा का?

द्यावा, पण बुधवार ते रविवार. सोमवार-मंगळवार ते बंद असतं. उपराजाच्या जुन्या वाड्यात ते आहे. दोन गोष्टी चुकवू नका. एक, राजघराण्याच्या अंत्ययात्रेचे रथ. 'महाफिचाय रात्चरोत' म्हणजे महाविजय राजरथ. १७९५ मध्ये बनलेला हा रथ २०१७ मध्ये नवव्या रामाच्या अंत्ययात्रेत दोनशेहून अधिक माणसांनी ओढला. दुसरी, जावातल्या सिंगासरीचा दगडी गणपती. डच सरकारने १८९६ मध्ये पाचव्या रामाला दिलेला. त्याचं आसन कवट्यांचं आहे. मोदक आणि उंदीर पाहायला सरावलेल्या डोळ्यांना तो दचकवतो, आणि मग तिथून हलवत नाही.

देवळं पाहून कंटाळा आला तर?

लोह प्रासाद पाहा, तिथे देवळापेक्षा वास्तू मोठी. ३७ धातूची शिखरं, बोधीच्या वाटेवरच्या ३७ गुणांसाठी. लोकशाही स्मारक १९३२ च्या राज्यक्रांतीचं. त्याभोवतीच्या ७५ तोफा बुद्ध संवत २४७५, म्हणजे तेच वर्ष, सांगतात. चायनाटाउनमध्ये वत त्राइमितचा साडेपाच टनांचा सोन्याचा बुद्ध आहे. वर चुन्याचा थर असल्याने तो सोन्याचा आहे हे कुणाला माहीत नव्हतं. १९५५ मध्ये हलवताना थर फुटला आणि आतलं सोनं दिसलं.

गोवेकरांसाठी खास: थोनबुरीच्या काठावर कुदी चीन ही जुन्या पोर्तुगीज वंशाच्या कुटुंबांची वस्ती, सांता क्रूझ चर्चभोवती. १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतल्यावर पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने लगेच सयामला दूत पाठवला, तिथून हे नातं सुरू होतं. गल्लीत अजून पोर्तुगीज वळणाचा छोटा केक भाजतात. गरम असतानाच खा.

फिरायचं कसं?

नदीने. चाओ फ्राया एक्स्प्रेसची नारिंगी झेंड्याची होडी स्वस्त आणि वेगवान. साथोर्न धक्का मेट्रोला जोडलेला आहे, तिथून चढायचं. जमिनीखालून यायचं तर सनाम चाय हे मेट्रो स्टेशन वत फोला जवळ. सोनेरी टेकडीला प्रतुनामहून कालव्याची होडी थेट जाते. पाणी उडतं, पिशवी मांडीवर ठेवा. टॅक्सीत मीटर लावायला सांगा.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते, शब्द माहीत असेल तर. "मांस नको" म्हणून भागत नाही, कारण माशाचा सॉस सगळ्यात असतो. 'जे' म्हणा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असलेली गाडी 'जे' जेवणाची. त्यात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. जैन मित्रांनाही हे सांगून ठेवा.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नोव्हेंबरात लोय क्राथोंगला लोक नदीत दिवे सोडतात, तेव्हा सोनेरी टेकडीखाली जत्राही भरते. एप्रिलच्या मध्यात सोंगक्रान, म्हणजे संक्रांत. सूर्य मेषेत जातो ती. तेव्हा शहर पाण्याने न्हातं, पण ऊन भाजून काढतं.

बुद्धमूर्ती विकत आणता येते का?

जुनी किंवा जुनी दिसणारी मूर्ती देशाबाहेर न्यायला ललित कला खात्याचा परवाना लागतो. नुसतं बुद्धाचं मस्तक शोभेसाठी घेणं तिथल्या लोकांना मनापासून दुखावतं, ते घेऊच नका. राजघराण्याविषयी बोलतानाही जपा, त्यांच्या अपमानाविरुद्धचा कायदा कडक आहे. आणायचंच तर वत फोच्या दारातली वनस्पतींची मालिशपुरचुंडी आणा. वाफेवर गरम करून गुडघ्यावर ठेवली की आजीला बरं वाटतं.